कोरफडीचं गणगोत

दुकानाच्या दारात लिंबू-मिरचीशेजारी उलटी टांगलेली कोरफड तुम्ही पाहिली असेलच. माती नाही, पाणी नाही, मुळं हवेत. तरी बाई महिनोन् महिने हिरवीगार! पानांची टोकं तेवढी हळूहळू वर वळवून घेते. दृष्ट लागू नये म्हणून ती टांगतात. केसांना चोळतात, भाजलं की पान चिरून लावतात. बाळंतिणीला पूर्वी जो काळा बोळ द्यायचे, तोही कोरफडीचाच वाळवलेला रस. (हल्ली डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही देऊ नये, हे आपलं जाता जाता.) म्हणजे कोरफडीशी आपलं नातं कामापुरतं. तिच्या रूपासाठी तिला कुणी कुंडीत मिरवत नाही. आणि कोरफडींचे संकर करून नवनव्या कोरफडी जन्माला घालण्यात कुणी वीस वर्षं घालवली असं सांगितलं, तर तुम्ही नक्की म्हणाल, ‘या बाईला दुसरा उद्योग नव्हता का?’

खरं सांगू? नव्हताच!

२००३ मध्ये यांच्या नोकरीमुळे आम्ही कॅलिफोर्नियात आलो. कोल्हापुरात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून मी दहा वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होते. कायमची नोकरी होती, ती सोडली. यांचा व्हिसा ‘एच-वन’, माझा ‘एच-फोर’. एच-फोर म्हणजे नवऱ्यावर अवलंबून असलेली बायको. राहायला परवानगी, शिकायला परवानगी, पण पैसे मिळतील असं काहीही करायला मनाई. नोकरी सोडाच, घरी डबे करून विकणंही नियमात बसत नव्हतं. २०१५ मध्ये हा नियम थोडा सैल झाला आणि काही जणींना कामाची परवानगी मिळू लागली, पण आमच्या वेळी तसं काही नव्हतं. मी पस्तीस वर्षांची, मुलगी सहा वर्षांची. ती शाळेत, हे ऑफिसात आणि मी सकाळी आठपासून स्वयंपाकघराच्या खिडकीत. बँकेच्या फॉर्मवर ‘व्यवसाय’ असा रकाना आला की हात थबकायचा. यांनी एकदा सहज सांगितलं, ‘हाउसवाइफ लिही ना.’ त्यात वाईट काही नव्हतं. पण दहा वर्षं फळ्यावर फुलाचे भाग काढून दाखवलेल्या हाताला ते लिहवेना.

आमचं भाड्याचं घर एस्कॉन्डिडो गावात होतं. सॅन डिएगोपासून उत्तरेला तासाभराच्या आतच, डोंगरांनी वेढलेलं गाव. इथला पाऊस आपल्या उलट. पडला तर हिवाळ्यात पडायचा, उन्हाळ्यात सहा-सहा महिने थेंब नाही. परसात मुरमाड जमीन. शेजारी एक अमेरिकन आजी राहायच्या. डिसेंबरमध्ये त्यांच्या कुंपणाला पुरुषभर उंचीची काटेरी झुडपं फुलली. केशरी-लाल फुलांचे उभे तुरे, जणू कुणी मशाली लावल्यात. त्यांच्यावर अंगठ्याएवढे हमिंगबर्ड जागच्या जागी पंख फडफडवत मध पीत होते. आपल्याकडे शिंजीर पितो तसेच, फक्त हवेत उभे राहून. पान ओळखीचं वाटलं. तोडून वास घेतला. कोरफड!

आजी हसल्या. म्हणाल्या, ‘ही तर कोरफडीच्या शेकडो बहिणींपैकी एक.’ आणि पुढच्याच वर्षी त्या मला सॅन डिएगोच्या बाल्बोआ पार्कमध्ये निवडुंगांचं आणि रसाळ पानांच्या झाडांचं प्रदर्शन असतं, तिथे घेऊन गेल्या.

मैत्रिणींनो, कोरफडीच्या कुळात पाचशेहून जास्त जाती आहेत. आफ्रिका, मादागास्कर आणि अरबस्तान ही त्यांची माहेरं. आपल्या अंगणातली कोरफडही मुळात अरबस्तानातली, हे २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांवरून दाखवून दिलं. म्हणजे आपली ही ‘कुमारी’ कधीतरी समुद्र ओलांडून आलेली. तिच्या भावकीत दक्षिण आफ्रिकेतला साठ फुटांपर्यंत वाढणारा वृक्ष होता (२०१३ मध्ये त्या वृक्षांचं घराणं वेगळं काढलं, पण रक्ताचं नातं आहेच). आणि मादागास्करची ‘डेस्कोइंगसिआय’ तर अख्खी आमटीच्या वाटीत बसेल एवढीशी! गडद हिरव्या पानांवर पांढरे खरबरीत ठिपके, जणू कुणी रवा भुरभुरलाय. सोमालियाची ‘जुकुंडा’ चकचकीत, बुटकी, गुलाबी फुलांची. मी त्या टेबलापुढून हलेना. प्रदर्शनाच्या विक्रीतून या दोघी घेऊन आले. किमती ऐकून यांनी फक्त भुवया उंचावल्या.

आता थोडं शास्त्र, पण कंटाळू नका. गंमत आहे. कोरफडीच्या बहुतेक सगळ्या जातींत १४ गुणसूत्रं असतात, आठ लांब आणि सहा आखूड. सोमालियाची असो की मादागास्करची, मोजमाप तेच. म्हणून हजारो मैल दूर वाढलेल्या, एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या दोन जातींचा संकर सहज होतो. पत्रिका जुळायची अडचणच नाही! उलट अडचण असते ती एकाच झाडाची. बहुतेक कोरफडींना स्वतःचाच पराग चालत नाही. आपल्या अंगणातली कोरफड पिवळी फुलते, पण बी धरत नाही, त्याचं एक कारण हेच. आळीतली सगळी झाडं एकाच आजीची पिल्लं असतात. इकडून तिकडे पराग गेला तरी तो स्वतःचाच.

फूल नळीसारखं असतं. आत सहा पुंकेसर. ते आधी बाहेर येतात, पराग सांडतात आणि सुकतात. मग एक-दोन दिवसांनी मधला स्त्रीकेसर लांब होऊन बाहेर डोकावतो. तो टोकाला जरा चिकट दिसला की वेळ झाली. बारीक चिमट्याने एका जातीचा पिकलेला पुंकेसर उचलायचा आणि दुसरीच्या स्त्रीकेसराला टेकवायचा. झालं, एवढंच. सकाळी नऊ ते अकरा ही माझी वेळ. त्या आधी तुऱ्यावर जाळीची पिशवी चढवायची, नाहीतर हमिंगबर्ड येऊन तुमच्या आधीच सगळ्यांची लग्नं लावून मोकळा! मग फुलाच्या देठाला रंगीत दोरा बांधायचा आणि वहीत लिहायचं. दोन-तीन महिन्यांत बोंड पिकतं, तीन फाकांत तडकतं. आतलं बी चपटं, काळपट, कडेला पातळ पंख असलेलं. तडकण्याआधी काढलं नाही तर वारा घेऊन जातो.

दोघींना एकाच महिन्यात फुलं येतीलच असं नाही. मग एकीचा पराग सुकवून कॅप्सूलच्या रिकाम्या टोपणात भरायचा आणि डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचा. आमच्या फ्रीजरमध्ये खवलेल्या नारळाच्या पिशवीशेजारी ही डबी असते. वर मराठीत लिहिलंय, ‘खायचं नाही.’

वहीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. संकर लिहिताना मध्ये गुणाकाराची खूण करतात. त्या खुणेच्या आधी बी धरणारीचं नाव, नंतर पराग देणाऱ्याचं. म्हणजे आईचं नाव पहिलं! जगभरचे संकर करणारे असंच लिहितात. पहिल्यांदा लिहिताना माझं मलाच हसू आलं. आपल्याकडे जन्मभर नावाच्या मधोमध आधी वडील, मग नवरा. आता महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लागतं. कोरफडीने बरीच आधी लावलं होतं म्हणायचं!

२००५ च्या डिसेंबरात मी पहिला संकर केला. जुकुंडा आई, डेस्कोइंगसिआय बाप. पुढच्या वसंतात बी पेरलं. माती म्हणजे जवळजवळ नुसते ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाचे खडे, त्यात मूठभर खत. दोन आठवड्यांत हिरवे टिपके दिसले. सुरुवातीला पानं समोरासमोर दोनच ओळींत येतात, पुस्तकाच्या उघड्या पानांसारखी. गोल घेर धरायला वर्ष लागतं. म्हणजे वर्षभर सगळी भावंडं सारखीच दिसतात. आणि लहान जातींना बी पेरल्यापासून पहिलं फूल यायला तीन-चार वर्षं. फूल आल्याशिवाय पुढचा संकर नाही. एक पिढी म्हणजे चार वर्षं, हे गणित तेव्हापासून डोक्यात बसलं ते आजतागायत.

२००७ साल मी विसरणार नाही. जानेवारीत कॅलिफोर्नियात कडाक्याची थंडी पडली. आमच्या भागातल्या संत्र्या-मोसंब्यांच्या आणि ॲव्होकॅडोच्या बागा होरपळल्या. पारा रात्री शून्याच्या खाली. कोरफडीच्या पानात पाणीच पाणी. ते गोठलं की पान सकाळी काचेसारखं दिसतं आणि दुपारी लिबलिबीत होऊन खाली बसतं. रोपांचे अकरा ट्रे होते. आईने लग्नात दिलेल्या दोन गोधड्या घेऊन मी रात्री परसात गेले. एकीखाली दोन, दुसरीखाली दोन. बाकीच्यांवर जुन्या चादरी. सकाळी गोधड्यांखालचे चारही ट्रे शाबूत, चादरींखालची रोपं सगळी गेली.

आणि ऑक्टोबरात वणवा. सांताआनाचे कोरडे वारे सुटले आणि पूर्वेच्या डोंगरातून आग आमच्या दिशेने निघाली. पहाटे फोनवर ध्वनिमुद्रित आवाज, घर सोडा. त्या आठवड्यात सॅन डिएगो जिल्ह्यातल्या सुमारे पाच लाख लोकांना घराबाहेर पडायला सांगितलं होतं. आकाश गेरूसारखं, अंगणात राख पडतेय. पासपोर्ट, मंगळसूत्र, मुलीचे फोटो, देवांची पितळी डबी गाडीत टाकली. मी परसाकडे पाहिलंसुद्धा नाही. असल्या वेळी झाडांचं नाव काढायचं म्हणजे वेडेपणाच. गाडीत बसल्यावर पाहिलं तर मागच्या सीटवर, मुलीच्या पायाशी, रोपांचा एक ट्रे आणि माझी वही. यांनी ठेवली होती. एका शब्दानं काही बोलले नाहीत. कोरफडीतलं त्यांना आजही काही कळत नाही आणि तसं ते मोकळेपणानं सांगतातही. पण त्या दिवसानंतर ‘तुझी ती झुडपं’ असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

आमचं घर वाचलं. हजाराहून जास्त घरं जळाली त्या एका वणव्यात.

एवढं सगळं सोसून २००९ मध्ये जी फुलली ती पहिली पिढी कशी होती? अगदीच सामान्य! थोडी आईसारखी, थोडी बापासारखी, ठिपके फिकट. शंभरावर रोपांत दोन बरी. आता पुढचा प्रश्न, बाकीच्यांचं काय करायचं? मी ती सगळी ठेवली. परस भरलं, गॅरेजची भिंत भरली. चार वर्षं वाढवलेलं रोप कसं टाकायचं हो?

२०११ मध्ये आई आली. आईचं माहेर शेतकऱ्याचं, सासरही शेतकऱ्याचं. कऱ्हाडजवळच्या गावात तिने जन्मभर शेत केलं. पहिल्या दिवशी तिने कमरेवर हात ठेवून माझा सगळा पसारा पाहिला आणि म्हणाली, ‘फळ न्हाई, भाजी न्हाई, नुसतं काटं. दोन वांगी तरी लावायचीस.’ पण चौथ्या दिवशी मी बोंडं फोडत बसले तर तीही जवळ येऊन बसली. ताटात बी घेऊन अशा काही हलक्या फुंकरीने तिने फोलपटं उडवली की मला चिमट्याने निवडायला तासभर लागायचा, ते तिचं पाच मिनिटांत झालं.

आणि मग तिने विचारलं, ‘विरळणी कधी करायची?’

विरळणी! शिकवताना हजारदा ‘निवड पद्धती’ म्हटलं होतं मी, पण आईच्या तोंडचा हा शब्द आठवला नव्हता. बाजरी वीतभर आली की दाट उगवलेली रोपं उपटायची, ही तिची कामं. ती म्हणाली, ‘समद्यांवर माया केलीस तर एक बी धड येणार न्हाई. जागा हाय का तुज्याकडं?’ दोघी मिळून रविवारी बसलो. ती विचारायची, ‘ह्यात काय बघायचं?’ मी सांगायची, घेर एकसारखा हवा, ठिपका ठळक हवा, बुंध्याशी पिल्लं धरणारी हवी. ती रोप हातात फिरवायची आणि ठेवायची डावीकडे किंवा उजवीकडे. उजवीकडे अकरा उरली. बाकीची शेजाऱ्यांना, मुलीच्या शाळेला वाटली, आणि उरली ती खताच्या खड्ड्यात गेली. माझ्या घशात आवंढा आला होता, तिच्या नाही.

या कामात खरी मेहनत फुलाला पराग लावण्याची नाही, फेकून देण्याची आहे. मोठे संकर करणारे लोक हेच करतात, फक्त हजारोंनी. आमच्या जिल्ह्यातच केली ग्रिफिन नावाचे गृहस्थ आहेत. छोट्या शोभेच्या कोरफडींत त्यांचं नाव जगभर घेतात. त्यांची ‘ख्रिसमस कॅरोल’ ही कोरफड म्हणजे काळपट हिरवी चांदणी आणि पानांच्या कडांना लालभडक उठावदार काटे. लॉस एंजेलिसजवळ हंटिंग्टन नावाचं प्रसिद्ध उद्यान आहे. तिथली निवडुंगाची बाग १९०७ पासूनची. तिथे काम केलेल्या कॅरन झिमरमन यांनीही खडबडीत, दातेरी, एखाद्या सागरी प्राण्यासारख्या दिसणाऱ्या अद्भुत कोरफडी तयार केल्या. तिकडे दक्षिण आफ्रिकेत अँडी द वेट आणि लिओ थाम यांनी बागेत लावायच्या मोठ्या, तुऱ्यांनी लगडणाऱ्या जातींवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्यापुढे माझं परस म्हणजे किस झाड की पत्ती. पण एक आहे. बी रुजायला लागणारे दिवस आणि फूल यायला लागणारी वर्षं त्यांना आणि मला सारखीच. तिथे पैसा चालत नाही.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मादागास्करच्या या इवल्या कोरफडी जंगलात फार थोड्या उरल्यात. हौशी लोकांसाठी जंगलातून झाडं उपटून विकणारे चोर सगळीकडे असतात. म्हणून १९७५ मध्ये अमलात आलेल्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय करारात आपली औषधी कोरफड सोडून कुळातल्या बाकी सगळ्या जातींच्या देशाबाहेरच्या व्यापारावर बंधनं आहेत, आणि डेस्कोइंगसिआय धरून वीसेक जातींवर सर्वांत कडक. रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेल्या झाडांचा संकर करून तसंच देखणं रोप पाच-सात डॉलरला मिळत असेल, तर जंगलातल्या झाडावर कुदळ कशाला पडेल? निदान थोडी कमी पडावी. (आणि म्हणूनच सांगते, ‘ताई, येताना एक पिल्लू पर्समधून आण ना’ असा निरोप परदेशातल्या बहिणीला पाठवू नका. परवान्याशिवाय झाड आणणं हा गुन्हा आहे.)

२०१२ मध्ये आमचं ग्रीन कार्ड झालं. कामाची परवानगी आली, पण तोवर मी चव्वेचाळीस वर्षांची झाले होते. शिकवायचं तर इथली परीक्षा, इथलं प्रमाणपत्र. अर्धवेळ एका रोपवाटिकेत लागले. मग १ एप्रिल २०१५ ला, सलग चौथ्या दुष्काळी वर्षात, गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी शहरांच्या पाणीवापरात २५ टक्के कपात जाहीर केली. लोकांनी घरापुढची हिरवळ उपटून काढली आणि तिथे काय लावायचं म्हणून सगळे कोरफडी, निवडुंग शोधू लागले. महिन्यातून एकदा आठवडी बाजारात मी टेबल मांडायला लागले. आजवर त्यातून श्रीमंत झालेली नाही, पण माती, कुंड्या आणि कोल्हापूरचं वर्षाआड तिकीट निघतं. त्या वर्षीच्या टॅक्सच्या कागदावर व्यवसायाच्या रकान्यात मी ‘नर्सरी’ असं लिहिलं. यांनी वाचलं आणि सही केली.

त्याच सुमाराला तिसऱ्या पिढीत ‘ती’ आली. आईच्या त्या अकरांतल्या एकीला मी लाल कडांच्या एका संकरित जातीचा पराग दिला होता. त्यातलं एक रोप दीड वर्षाचं होताच वेगळं दिसायला लागलं. पान गडद, जवळजवळ काळसर हिरवं. कडेला सलग, सरळ, तांबडी किनार. मला आजीचं लुगडंच आठवलं. नाव ठेवलं ‘इरकल’. कुठे नोंदलेलं नाही. माझ्या वहीपुरतं.

व्हॉट्सॲपवर आईला फोटो पाठवला. भाचीने तिला मोठा करून दाखवला म्हणे. उत्तर आलं ते आईच्याच आवाजात, ध्वनिमुद्रित: ‘काठ झ्याक हाय. पर पदर कुठाय?’

आता बोला! इरकलीला पदर हवाच, तिचं बरोबर होतं. काठ आणि पोत जमला होता, पण मधला गाभा, नवी पानं निघतात तो भाग, तसाच हिरवा. तिथे तांबूस-गुलाबी रंग हवा. तेव्हापासून पदराच्या मागे आहे. पुढची पिढी २०२० मध्ये फुलली, रंग नाही. त्याआधी २०१८ मध्ये ‘इरकल’च गमावण्याची वेळ आली. कोरफडीवर एक कोळी पडतो, डोळ्यांना न दिसणारा. वाऱ्याबरोबर येतो. पानाच्या बेचक्यात, देठावर फुगलेल्या, वेड्यावाकड्या गाठी येतात. इथले लोक त्याला कोरफडीचा कॅन्सरच म्हणतात. ‘इरकल’च्या तुऱ्यावर त्या गाठी दिसल्या त्याच दुपारी मी झाड कुंडीसकट दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात टाकलं. शेजारच्या चाळीस झाडांसाठी ते करावंच लागतं. पण एक पिल्लू शेजारच्या आजींना दिलं होतं. नव्वदीला टेकलेल्या त्या बाईंनी ते खिडकीत जपलं होतं. त्यातूनच पुन्हा पिल्लं धरून मी ‘इरकल’ परत उभी केली. बियांतून ती परत आली नसती. संकराच्या बीतून तीच मुलगी पुन्हा येत नाही, भावंडं येतात. जशीच्या तशी हवी तर पिल्लंच.

आई २०१९ मध्ये गेली.

तुमच्यापैकी कुणाला करून पाहायचं असेल तर सांगते. अंगणातल्या कोरफडीपासून सुरुवात करू नका, बी मिळायची शक्यता कमी. शोभेच्या छोट्या कोरफडी आता मोठ्या शहरांतल्या रोपवाटिकांत मिळतात. कालिम्पाँगच्या रोपवाटिका तर निवडुंगांसाठी नावाजलेल्या. वेगवेगळ्या जातींची दोन रोपं घ्या, एकाच ट्रेमधली जुळी नकोत. सातारा, सांगली, सोलापूरकडची कोरडी हवा त्यांना मानवते. कोकणातल्या बायांनी पावसाळ्यात कुंड्या वळचणीखाली घ्याव्या, भिजून कुजतात. माती निम्म्याहून जास्त जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे. पाणी माती पूर्ण सुकल्यावर, आणि उन्हाळ्यात दुपारच्या उन्हाला आडोसा. चिमटा भुवयांचा चालतो. दोरा कुठलाही. वही मात्र जाड घ्या. तारीख, आई, बाप, बोंडं किती, बिया किती, रुजल्या किती, एवढं न चुकता लिहा. चौथ्या वर्षी फूल येतं तेव्हा आईबाप कोण ते आठवून सांगता येत नाही, माझ्यावर विश्वास ठेवा.

आता मी सत्तावन्न ओलांडलीय. चार-चार वर्षांनी मोजलं तर आणखी तीन पिढ्या, तब्येतीने साथ दिली तर चार. म्हणून हल्ली मी विरळणी लवकर करते, फुलाची वाट न पाहता दुसऱ्याच वर्षी. २०२२ च्या पेरणीतली साठ रोपं होती, त्यातली सात ठेवली. त्यातल्या एकीच्या गाभ्यात थंडी पडली की गुलाबी झाक येते. उन्हाळ्यात पुन्हा जाते. पदर म्हणावा एवढी नाही अजून. शिवाय रोप अशक्त आहे, पिल्लं धरत नाही. पण तिच्या मध्यातून आता तुरा डोकावू लागलाय. फ्रीजरमध्ये ‘इरकल’चा पराग काढून ठेवलाय. जाळीची पिशवी शिवून झाली.